सोड म्हटल्यावर

४ मार्च

ताई,

फोनवर तू ओरडतेस, मग मी ओरडतो, मग कोणीतरी फोन आपटतं आणि काम तसंच राहतं. म्हणून लिहितोय. पत्रात निदान एका वेळी एकाच माणसाचा आवाज असतो.

रविवारी पार्कातल्या आपल्या झोक्याच्या होडीवर अपघात झाला. तुला कोणीतरी अगत्याने कळवलंच असेल, असल्या बातम्या पोचवायला लोकांना फार उत्साह असतो. कोणी दगावलेलं नाही, हे आधी सांगतो. एका बाईंचा पाय होडी आणि फलाट यांच्यामध्ये सापडला आणि गुडघ्याखाली मोडला. कपड्यांच्या दुकानात काम करतात. मुलीला घेऊन आल्या होत्या.

झालं ते असं. फेरी संपली, होडी थांबली. कॅबिनमधल्या ऑपरेटरने ब्रेक धरलेला होता. मधल्या रांगेचा, मांडीवर येतो तो दांडा हल्ली जरा अडकतो, तो फलाटावरून किल्लीने उघडला गेला. त्या बाई उठल्या, एक पाय फलाटावर टाकला, आणि त्याच वेळी ह्या शहाण्याने ब्रेक सोडून दिला. होडी एका बाजूला भरलेली होती, ती मागे गेली. पुढचं तुला सांगायला नको.

माणूस नवा आहे. कॅबिन सांभाळणारे काका गेल्यावर मी त्याला घेतला. आधी दुसऱ्या एका पार्कात अशाच झोक्याच्या पाळण्यांवर होता, लायसन आहे, सगळं आहे. फक्त डोकं नाही.

चौकशी लागली आहे. मी लिहून दिलंय की ऑपरेटरने आपल्या मनाने ब्रेक सोडला. ज्या कंपनीला आपण पार्क विकतोय त्यांचा साहेब येऊन गेला. तो म्हणाला, चूक माणसाची असेल तर प्रश्न नाही, माणूस बदलता येतो. चूक पार्कची असेल तर मात्र आम्हाला विचार करावा लागेल. तेव्हा चौकशी संपायच्या आत त्यांचा कागद पुरा झालेला बरा. सोबत पाठवतोय, सही करून लगेच परत पाठव. अर्धं पार्क तुझं आहे, तेव्हा अर्धी डोकेदुखीही तुझी.

धाकटा


९ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र दुपारी मिळालं आणि त्याचा ताप संध्याकाळी गाडी शिकायला आलेल्यांना झाला. एकाला मी गिअर बदलायला अशा आवाजात सांगितलं की तो गाडी बंद करून खालीच उतरला.

मला हे समजतच नाही. कॅबिनमध्ये बसलेल्या माणसाला काम काय असतं? समोर माणसं उतरताहेत आणि हा ब्रेक सोडतो? बाबा असते तर त्यांनी त्याच्या कानाखाली वाजवून त्याला फाटकाबाहेर काढलं असतं. तूही काढ. आजच काढ. दयामाया दाखवत बसू नकोस, तुला ती नको तिथेच सुचते.

आपल्याला शाळेत जायच्या आधी बाबांचे चार शब्द येत होते. 'घे' म्हटलं की लोक चढवायचे. 'चल' म्हटलं की होडी चालू. 'धर' म्हटलं की ब्रेक. आणि 'सोड' म्हटलं की दांड्यांचा खटका ओढून लोकांना उतरू द्यायचं. संपलं. घरी जेवताना पानावरून उठायचं असलं की आपण दोघं बाबांच्या तोंडाकडे बघत बसायचो, आणि ते आईला म्हणायचे, 'सोड गं यांना.' तेव्हा उठायचो. एवढ्याशा गोष्टी ज्याला जमत नाहीत त्याच्या हातात तू चाळीस माणसं देतोस?

आणि काका गेले म्हणजे काय? गेले की घालवलेस? त्यांचं आणि तुझं वाजलं होतं हे मला माहीत आहे. फलाटावरही मीच उभा राहायचं आणि कॅबिनही मीच बघायची का, असं ते विचारायचे, आणि तुला विचारणारी माणसं आवडत नाहीत.

गेमच्या खोलीतल्या त्या खेळणी उचलणाऱ्या पंजाचंही बघ. मागच्या वेळी मी आले होते तेव्हा एक मुलगी अर्धा तास त्या काचेला नाक लावून उभी होती. पंजा अस्वल उचलतो, अर्ध्या वाटेवर आणतो आणि टाकून देतो. पकड ढिली करून ठेवली आहेस तू. बाबांच्या वेळी निदान अस्वलं घरी जायची.

सहीचं नंतर बघू. आधी त्या बाईंना भेटून ये.

ताई


१४ मार्च

ताई,

आयुष्यात एकदा तुझं ऐकलं. काढला त्याला. तुझं पत्र बायकोलाही वाचून दाखवलं, कारण तिचं सकाळपासून 'जरा थांबा, जरा थांबा' चाललं होतं. तुझं अक्षर बघून गप्प बसली.

काढला, पण जाईल तर ना. रोज येतो आणि समोर सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसतो. आत येणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटलाय, 'मला सोड म्हणाले, म्हणून मी सोडला.' अगं, सोड म्हटल्यावर कोणी सोडतं का? मला ऐकून एकीकडे संताप आला आणि एकीकडे हसू. चौकशीच्या साहेबांपुढेही तो हेच म्हणणार आहे म्हणे. म्हणू दे. स्वतःच्या तोंडाने स्वतःचा मूर्खपणा सांगणारा माणूस मला पहिल्यांदाच भेटला.

त्याचं लायसन बहुतेक जाईल. मग कुठल्याच पार्कात त्याला कोणी कॅबिनमध्ये बसू देणार नाही. वर केस होईल ती वेगळी. मला त्याचं वाईट वाटत नाही असं नाही, पण वाईट वाटून त्या बाईंचा पाय जुळणार आहे का?

बाईंना भेटायला मला वकिलाने मना केलंय. आपण भेटलो की आपली चूक दिसते म्हणे.

पंजाबद्दल मला शहाणपण शिकवू नकोस. सगळीकडे तो तसाच असतो. पंजा घट्ट केला तर दोन दिवसांत काचेमागे एक अस्वल उरणार नाही, आणि मग ती मुलगी कशाला नाक लावील? तू लांब बसून गाड्या शिकव. इथे रोज दार उघडून लोकांना हसवायचं काम करून बघ एकदा, मग तारे तोड.

कागद कुठे आहे? सही?

धाकटा


२० मार्च

धाकट्या,

तुझं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मीही हसले. सोड म्हटल्यावर कोणी सोडतं का, म्हणून. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचून तू मला साळसूद म्हणायला नको.

परवा एका कॉलेजातल्या मुलीला चढावर गाडी थांबवून परत सुरू करायला शिकवत होते. मागे ट्रक. मुलीचं लक्ष गाडीत कमी आणि मैत्रिणीशी झालेल्या भांडणात जास्त. ती काय म्हणाली, मग मी काय म्हणाले. मी कंटाळून म्हटलं, 'जाऊ दे गं, सोड आता.' आणि तिने ब्रेक सोडला. माझ्या पायापाशी दुसरा ब्रेक असतो म्हणून आम्ही ट्रकवर गेलो नाही. मी तिला झापायला तोंड उघडलं तर तीच माझ्यावर चिडली. 'तुम्हीच म्हणालात ना, सोड म्हणून.'

गाडी कडेला घेतली आणि तिला विचारलं, 'सोड म्हणजे तुला काय वाटलं?' ती म्हणाली, 'ब्रेक. अजून काय सोडायचं?'

ऑफिसात येऊन सगळ्यांना विचारलं. होडी थांबली आहे, ब्रेक तुमच्या हातात आहे, फलाटावरून आवाज आला 'सोड', तर काय कराल? शिकवणाऱ्यांना विचारलं, हिशेबनीसाला विचारलं, पाणी भरायला येणाऱ्या बाईंना विचारलं. सगळ्यांनी ब्रेक सोडला, धाकट्या. एकानेही दांड्यांचं नाव काढलं नाही. मी म्हटलं, सोड म्हणजे माणसांना उतरव. तर सगळे मला हसले.

बाबांची ती बोली होती, आणि आपल्याला वाटलं सगळं जग तसंच बोलतं. त्या माणसाने आपल्या मनाने काहीही केलेलं नाही. त्याला सांगितलं ते त्याने केलं.

आता मला सांग, त्याला सांगितलं कोणी?

तुझं पहिलं पत्र परत काढून बघितलं. दांडा 'उघडला गेला' म्हणे. तुझ्या पत्रात दांडे आपोआप उघडतात. फलाटावर कोणी माणूसच नाही. 'सोड' हा शब्द त्या अर्थाने ओरडणारी ह्या जगात चारच माणसं. बाबा गेले. काकांना तू घालवलंस. मी इथे चढावर गाडी शिकवत होते. उरलं कोण?

आणि दांडा 'हल्ली जरा अडकतो' म्हणजे कधीपासून?

मला सरळ उत्तर पाहिजे. वकिलाचं नको, तुझं पाहिजे.

ताई


२७ मार्च

ताई, नमस्कार.

यांनी तुमच्या पत्राला उत्तर लिहिलेलं नाही, म्हणून मी लिहिते. त्यांना सांगून लिहीत नाही. वाचून राग आला तर येऊ दे, मला तुम्हा दोघांचाही आलेला आहे.

फलाटावर एरवी शिटी वाजवून खुणा करणारा माणूस त्या दिवशी रजेवर होता. हेच उभे होते. मी तिकिटांच्या खिडकीत होते आणि मी त्यांचा आवाज ऐकला. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा मलाही तो शब्द उलटाच वाटायचा. एकदा सासूबाई हातात तापलेल्या दुधाचं पातेलं देत होत्या आणि यांना पानावरून उठू द्यायला मामंजी मागून त्यांना म्हणाले 'सोड', तर मी पातेलं सोडलं. सगळं घर हसलं. त्याची गोष्ट तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता. पण मला तो शब्द कोणी समजावून सांगितला नाही, मी आपली भाजून शिकले. ह्या माणसालाही कोणी सांगितला नाही.

मी बोलायला हवं होतं, ते बोलले नाही. पण तुमच्याबद्दलही बोलते. 'कानाखाली वाजवून फाटकाबाहेर काढ' हे तुमचं वाक्य यांनी मला दोनदा वाचून दाखवलं. त्याच्या जोरावर त्या माणसाला काढलं. तोवर यांचा धीर होत नव्हता. लांबून हुकूम सोडणं फार सोपं असतं, ताई. आता तुम्हाला खरं कळलंय तर तुम्ही यांना फाडून खाताय, पण त्या माणसाबद्दल तुमच्या पत्रात पुढे काय करायचं ते कुठे आहे?

मी त्या बाईंना दवाखान्यात भेटून आले. वकिलाने यांना मना केलंय, मला नाही. पायात सळई घातली आहे. दिवसभर उभं राहण्याचं काम त्यांना आता जमेल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. मी विचारलं, तुम्हाला काय आठवतं? त्या म्हणाल्या, 'मी उतरताना दांडा घट्ट धरला होता. एवढ्यात आवाज आला, सोड. मला वाटलं मलाच म्हणताहेत, म्हणून मी हात सोडला.'

दांडा गेल्या उन्हाळ्यापासून अडकतोय. काका रोज सांगायचे. त्यावरूनच वाजलं होतं.

यांच्या बाजूने एक सांगते. हे झोपत नाहीत. गेमच्या खोलीत जाऊन उगाच मशीनची दारं उघडतात आणि लावतात. पण झोप न येणं म्हणजे खरं बोलणं नव्हे. चौकशीचे साहेब दहा तारखेला येताहेत. काय करायचं ते तुम्ही दोघं भावंडं ठरवा, पण लवकर ठरवा.

वहिनी


२९ मार्च

ताई,

बायकोने लिहिलं ते मला कळलं. ह्या घरात आता माझ्या पाठीमागे पत्रव्यवहार होतो. छान.

हो, मीच होतो फलाटावर. मीच ओरडलो. आणि? तुला काय ऐकायचं होतं, मी रडतोय असं? मी ओरडलो तेव्हा माझ्या डोक्यात त्या बाईंना उतरवायचं होतं, दुसरं काही नव्हतं. अख्खी हयात मी तोच शब्द ओरडत आलो, कधी कोणाच्या केसाला धक्का लागला नाही. एक दिवस एक नवा माणूस बसतो आणि मी गुन्हेगार होतो का? त्याला डोळे नव्हते? समोर बाई उतरताना दिसत नव्हती त्याला?

नव्हती दिसत. कॅबिनमधून मधली रांग दिसत नाही, हे मलाही माहीत आहे. लिहिता लिहिता आठवलं. खोडत नाही, राहू दे.

पण तू मला सांगू नकोस. तू कोण सांगणारी? बाबा आजारी पडले तेव्हा तू म्हणालीस, माझी नोकरी नवी आहे. बाबा गेले तेव्हा म्हणालीस, अर्धं माझं असू दे पण चालव तू. मी चालवलं. पावसात चालवलं, परीक्षांच्या दिवसांत एक चिटपाखरू नसताना चालवलं, रिकामी होडी हलवत ठेवली, म्हणजे रस्त्यावरच्यांना वाटावं आत कोणीतरी आहे. तू वर्षातून एकदा येतेस, सगळ्या पाळण्यांत फुकट बसतेस, आणि जाताना पंजा ढिला आहे म्हणून मला पोलिसी नजरेने बघतेस. दांड्यांची नवी जोडणी मागवायची म्हणजे होडी महिनाभर बंद. होडी बंद म्हणजे फाटकातून कोण येणार, तुझे शिकाऊ ड्रायव्हर?

मी खरं सांगितलं तर पार्कला टाळं लागेल. कंपनी पळेल. केस माझ्यावर येईल. मग ह्या फाटकातून पोट भरणारी सगळी माणसं त्या सायकलवाल्याच्या पायरीवर जाऊन बसतील, त्यात मीही असेन. त्या एका माणसासाठी?

कागदावर सही कर आणि पाठव. माझ्यावर एवढे उपकार कर, मग जन्मभर बोलू नकोस.

धाकटा


३ एप्रिल

धाकट्या,

कागद परत पाठवते आहे. सही केलेली नाही.

तुझ्या पत्रातलं माझ्याबद्दलचं सगळं खरं आहे. वहिनीने लिहिलं तेही खरं आहे. तिला माझ्याकडून सांग, दुधाच्या पातेल्याची गोष्ट मी परत कोणाला सांगणार नाही. मी त्या माणसाला न बघता, न विचारता त्याच्या पोटावर पाय दिला, आणि त्यासाठी मला माझा स्वतःचा राग तुझ्या रागाइतकाच आला आहे. पण तू माझी पापं मोजलीस म्हणून तुझं कमी होत नाही.

'त्या एका माणसासाठी' असं तू लिहिलंस. पार्कात येणारा प्रत्येक माणूस एकच असतो. आपण त्याला बसवतो, त्याच्या मांडीवर दांडा ओढतो आणि सांगतो, आता हात वर कर आणि ओरड, बाकीचं आमच्याकडे. लोक आपल्याकडे पडल्यासारखं वाटायला येतात, पडायला येत नाहीत. हे बाबा म्हणायचे, आणि हे म्हणताना निदान ते आपल्या कोड्यात बोलत नसत.

मी दहा तारखेला येत नाही. आले तर तू माझ्याकडे बघून बोलशील आणि मग जन्मभर म्हणशील की ताईने बोलायला लावलं. तू तुझं बोल. तू बोलला नाहीस तर अकरा तारखेला मी त्या साहेबांना जाऊन भेटेन आणि आपल्या घरात 'सोड' म्हणजे काय ते सांगेन. माझ्या सख्ख्या भावाविरुद्ध सांगेन. ही धमकी आहे, नीट वाच.

ताई


१२ एप्रिल

ताई,

अकरा तारखेला तुला यायची गरज पडली नाही, हे तुला कळलंच असेल. तरी माझ्या तोंडून ऐक.

साहेब सकाळी आले. साधे गृहस्थ, मोठा आवाज नाही. पार्क बंदच ठेवलं होतं. त्यांनी त्या माणसाला पायरीवरून आत बोलावलं आणि कॅबिनमध्ये त्याच्या जागी बसवलं. रिकामी होडी एकदा चालवून थांबवायला लावली. थांबवली त्याने, अगदी फलाटाला लागून, काकांसारखी. मग साहेब मला म्हणाले, 'फलाटावरचा माणूस जिथे उभा होता तिथे तुम्ही उभे राहा, आणि त्याने जी सूचना दिली ती द्या.'

मी ठरवून गेलो होतो. वकिलाने पढवलं होतं. 'उतरव' असं म्हणायचं, आणि हीच आमच्याकडची पद्धत आहे असं सांगायचं. आरशासमोर म्हणूनही बघितलं होतं. उतरव, उतरव.

मी मधल्या रांगेपाशी गेलो. किल्ली लावली, दांडा नेहमीसारखा अडकला, मी नेहमीसारखा ढोपराने रेटला. तो सुटला, आणि तोंडातून आपोआप निघालं, 'सोड.'

बाबांच्या आवाजात निघालं, ताई. तसाच लांबवलेला.

होडी हलली नाही. मला वाटलं आता मागे जाईल, म्हणून मी मागे सरकलोसुद्धा. पण त्याने ब्रेक धरूनच ठेवला होता. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून त्याने मला विचारलं, 'काय सोडू, मालक? ब्रेक की माणसं?'

चिडून नाही विचारलं. खरंच विचारलं, कामातलं विचारतात तसं. आणि मला आठवलं की पहिल्याच दिवशी तो असंच काहीतरी विचारायला आला होता. तुमच्याकडे कशाला काय म्हणतात, म्हणून. मी गर्दीत होतो. मी त्याला म्हणालो होतो, सांगितलं तेवढं कर, डोकं चालवू नकोस. आणि तुला पहिल्या पत्रात लिहिलं, त्याला डोकं नाही.

मी साहेबांना सगळं सांगितलं. कोण उभा होता, कोण ओरडला, दांडा कधीपासून अडकतोय, काका का गेले. वकील माझी बाही ओढत होता, शेवटी त्याने ओढायचं सोडलं.

आता ऐक, तुझं समाधान होईल. फाटकाला सील लागलं. पार्कचं लायसन पुढचा हुकूम येईपर्यंत स्थगित. केस माझ्यावर. कंपनीच्या साहेबाने फोनही केला नाही, चपराशाकडून दोन ओळी पाठवल्या. त्या माणसाचं लायसन राहिलं. मी त्याला म्हणालो, पार्क उघडलं की परत ये. तो म्हणाला, 'नको, मालक. तुमच्याकडे नको.' मी वाईट वाटून घ्यावं असंही त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. पायरीवरून आपला डबा उचलला आणि गेला.

बाईंना भेटलो. मी माफी मागितली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांची मुलगी दारात उभी होती. मी आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत ती माझ्याकडे बघत होती. तिच्यासाठी मी अस्वल नेलं होतं, ते तसंच परत आणलं. ते अस्वल न्यायची अक्कल मला कुठून सुचली कोण जाणे.

मला अजूनही तुझा राग येतो. तू बरोबर होतीस म्हणून जास्तच येतो. बायको माझ्याशी नीट बोलायला लागली आहे, त्याचाही राग येतो. सील लागलेल्या फाटकाशी रोज जाऊन उभा राहतो आणि कोणावर ओरडावं कळत नाही.

आता असं कर. तुझं अर्धं तू कोणालाही विक, भंगारवाल्याला विक. मी अडवणार नाही. केसमध्ये तुझं नाव येऊ देणार नाही. ह्या सगळ्यातून तू मोकळी हो, आणि मला सोड.

धाकटा


१६ एप्रिल

धाकट्या,

मी तुला सोडणार नाही.

आता ह्याचा अर्थ काय, ते तूच विचार. बाईंचा पाय जन्मभर दुखेल आणि तुझ्या माफीने तो बरा होणार नाही, तेव्हा त्या अर्थाने सोडणार नाही. त्यांना बसून करता येईल असं काम मिळेपर्यंत त्यांचं घर आपल्या दोघांवर आहे, दोघांवर, आणि त्यात तू कुरकुर केलीस तर मी आहेच. काकांच्या घरी तू जाणार आहेस आणि मी तुझ्या मागे उभी राहणार आहे, म्हणजे तू दारातून परत फिरणार नाहीस. त्या माणसाला मीही भेटणार आहे. त्याने दार लावून घेतलं तर तेही ऐकून घेईन.

आणि दुसऱ्या अर्थानेही सोडणार नाही. माझं अर्धं मी भंगारवाल्याला विकणार नाही. केसमध्ये माझं नाव येऊ दे. तो शब्द मीही तुझ्याइतकाच ओरडले आहे, फक्त माझ्या वेळी कॅबिनमध्ये काका होते.

रिकामी होडी हलवत ठेवायचास हे मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. ह्याचा राग कोणावर काढायचा, ते मलाही कळलेलं नाही.

नोकरीवर रजा टाकली आहे, किती ते सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. वहिनीला सांग, मी बाहेरच्या खोलीत झोपेन. आणि फाटकाचं सील निघालं की पंजा मीच घट्ट करणार आहे.

स्टेशनवर घ्यायला ये. मी दिसले की लांबून काही ओरडू नकोस. जवळ ये आणि बोल.

ताई